जाळ्यात जाती वाढल्या म्हणजे समुद्र समृद्ध झाला, असे म्हणता येईल का?

तेरेखोलकाठ

सर्वांना नमस्कार. माझे मामा पेडणे तालुक्यातील केरी येथून तेरेखोल नदीच्या मुखाबाहेर होडीने कांटाळी, म्हणजे आपण ज्याला गिलनेट म्हणतो ते जाळे, टाकतात. मी पेशाने शिक्षक आहे. परंतु रविवारी पहाटे जाळे सोडवण्यासाठी मी त्यांच्यासोबत वाळूवर बसतो आणि गेल्या ऑक्टोबरपासून जाळ्यात सापडलेल्या प्रत्येक जातीची नोंद एका शंभरपानी वहीत करतो.

एका रविवारी मी तेवीस प्रकार मोजले. त्यात बांगडा, तारले, पेडवे, मुडदुशी, लेपे, दोडयारे, खंपी, सांगट, करली, एक लहान वाघोळे, दोन प्रकारच्या कुर्ल्या, एक माणकी आणि फुगून चेंडू झालेला एक केंडही होता. विकण्याजोगे मासे मात्र जेमतेम चार किलो भरले. मामांच्या सांगण्यानुसार त्यांच्या तरुणपणी याच पट्ट्यात दोन-चार जातीच मिळत, पण त्या टोपल्या भरून मिळत.

माझा प्रश्न असा आहे की, जातींची संख्या वाढलेली दिसते याचा अर्थ आपला किनारा अधिक वैविध्यपूर्ण झाला आहे, की हे बिघाडाचे लक्षण आहे? मामांना हा प्रश्नच निरर्थक वाटतो. त्यांच्या मते ज्याला भाव नाही तो मासा मोजायचा कशाला?

सुशेगाद_माणूस

तेवीस जाती आणि बहुमत कोणाचेच नाही! आणखी सतरा सापडल्या की पर्वरीला चाळीस जणांच्या विधानसभेचे अधिवेशन भरवता येईल.

खाजनवाट

विनोद बाजूला ठेवून एक प्रतिप्रश्न करतो. जाळ्याचा आस, म्हणजे त्याच्या डोळ्याचे माप, किती होता? हे कळल्याशिवाय तेवीस या आकड्याला काहीच अर्थ नाही, कारण गिलनेट समुद्र मोजत नाही. समुद्रातील जे त्याच्या डोळ्यात अडकते तेवढेच ते मोजते.

उदाहरण घेऊ. आस ताणून धरल्यावर गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत ५० मिलिमीटर भरत असेल, तर त्या चौकोनाचा परीघ १०० मिलिमीटर होतो. ज्या माशाच्या कल्ल्यापाशी शरीराचा घेर १०० मिलिमीटरपेक्षा कमी आणि सर्वात फुगीर भागी त्याहून जास्त आहे, तो डोके आत घालतो, पुढे जाऊ शकत नाही आणि मागे सरताना धागा त्याच्या कल्ल्यात रुततो. त्याहून बारीक मासा आरपार निघून जातो आणि त्याहून जाड मासा नाक आपटून परत फिरतो. म्हणजे एका आसाचे जाळे प्रत्येक जातीतून एका ठरावीक मापाचे मासे वेचते. बांगड्यासारख्या सडपातळ, अंगाबाहेर अडकणारे काटे नसलेल्या माशाला हा नियम चांगला लागू पडतो. सांगट, कुर्ली किंवा काटेरी परांचे इतर प्राणी मात्र कोणत्याही आसात गुरफटतात, कारण ते कल्ल्याने अडकतच नाहीत.

तेरेखोलकाठ

खाजनवाट, आपला प्रश्न योग्य आहे आणि तो मला आधी सुचायला हवा होता. मामांनी दोन वेगवेगळ्या आसांचे तुकडे एकत्र शिवले आहेत. एक बांगड्यासाठी आहे आणि दुसरा, बराच बारीक, मुडदुशीसाठी. दोन्ही तुकडे एकेरी पारदर्शक नायलॉनचे आहेत. तरुणपणी ते पिळाच्या जाड दोऱ्याचे, मोठ्या आसाचे जाळे वापरत.

सांगटाबाबत आपण लिहिले ते अगदी खरे आहे. त्याच्या पाठीवरचा आणि बाजूच्या परांमधील काटा करवतीसारखा दातेरी असतो आणि तो जाळ्यात असा रुततो की, पक्कडीने मोडल्याशिवाय मासा निघत नाही. त्या एका माशासाठी मामांनी जेवढ्या शिव्या राखून ठेवल्या आहेत, तेवढ्या त्यांनी मेहुण्यांसाठीही ठेवलेल्या नाहीत.

वेंगुर्लेकर

मग उत्तर जवळजवळ मिळालेच की. मोठा आस आणि जाड दोरा जाऊन बारीक आस आणि पाण्यात न दिसणारा धागा आला, तेव्हा जाळ्यात जाती वाढणारच. त्यात समुद्राचे काही कर्तृत्व नाही.

शिवाय मामांच्या आठवणीबद्दलही मला सविनय शंका आहे. पूर्वी दोन-चार जातीच मिळत, की दोन-चार जातीच लक्षात राहिल्या? आमच्या वाडीत माझे आजोबा जाळे झाडत तेव्हा खंपी, बारीक दोडयारे आणि केंड वाळूवरच पडून राहत. कावळे आणि घारी त्यांचा समाचार घेत, उरलेले माडाच्या मुळाशी जात. टोपलीत जे पडले तेच आठवणीत गेले. आज तीच खंपी सुकवून विकली जाते, त्यामुळे ती दिसू लागली.

दर्यावर्दी_निवृत्त

वेंगुर्लेकरांच्या दुसऱ्या मुद्द्याशी मी सहमत आहे, पहिल्याशी अर्धाच. आस बदलला हे खरे. पण आस बारीक का करावा लागला, याचा विचार कोण करणार? मोठे मासे मिळत असते तर कोणता मच्छीमार दर हंगामाला फाटणारे पातळ जाळे विकत घेईल?

गोव्यात साठच्या दशकापासून ट्रॉलर वाढले आणि सत्तरच्या दशकात रांपणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांना, माथानी साल्ढाणा यांच्यासारख्या नेत्यांसोबत रस्त्यावर उतरावे लागले. किनाऱ्यालगतचा पट्टा लहान होड्यांसाठी राखीव असावा, ही त्यांची प्रमुख मागणी होती. १९८० च्या सागरी मासेमारी नियमन कायद्यानंतर ५ किलोमीटरचा पट्टा यांत्रिक बोटींना बंद झाला. कागदावर बंद झाला, असे म्हणणे अधिक अचूक होईल. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी काळोख्या रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग ज्याने पाहिली नाही, असा माणूस मला किनाऱ्यावर भेटलेला नाही. बारीक आस हे मूळ कारण नसून परिणाम आहे.

खाजनवाट

दर्यावर्दी, परिणाम असला तरी तो नोंदीत मिसळतो. मी कारणांचा वाद करत नाही. मोजमापाबद्दल बोलतो आहे.

आकडेमोडे

मोजमापाचा विषय निघाला म्हणून थोडे गणित मांडतो. 'विविधता' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. जाती किती, ही एक. आणि त्या जातींत माशांची वाटणी किती समान आहे, ही दुसरी. शॅनन यांचा निर्देशांक दोन्ही एकत्र मोजतो. प्रत्येक जातीचा एकूण संख्येतील वाटा घ्यायचा, त्याला त्याच वाट्याच्या नैसर्गिक लॉगॅरिथमने गुणायचे, सर्वांची बेरीज करायची आणि चिन्ह उलट करायचे.

समजा, एका टोपलीत शंभर मासे आहेत आणि दहा जातींचे प्रत्येकी दहा आहेत. निर्देशांक २.३० येतो. दुसऱ्या टोपलीतही शंभर मासे आणि दहाच जाती आहेत. परंतु त्यात ९१ बांगडे असून उरलेल्या नऊ जातींचा प्रत्येकी एकच मासा आहे. येथे निर्देशांक केवळ ०.५० येतो. यादी दोन्हीकडे दहाचीच आहे.

आता मामांच्या तरुणपणाकडे वळू. बांगड्याचा थवा जाळ्यावर आला की टोपल्या भरतात आणि निर्देशांक कोसळतो. थवा आला नाही की चार किलो किरकोळ मासळी मिळते आणि निर्देशांक वर जातो. म्हणजे मच्छीमाराचा चांगला दिवस हा निर्देशांकाच्या दृष्टीने वाईट दिवस असतो. मामा या प्रश्नाला निरर्थक म्हणतात, त्यात हे शहाणपण आहे, असे मला वाटते.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. मोजणी जितकी जास्त दिवस चालेल तितकी यादी लांबत जाते. आधी भराभर, नंतर हळूहळू. दहा रविवारांची यादी चाळीस रविवारांच्या यादीशी थेट ताडून पाहू नये.

फोंड्याची_अन्नपूर्णा

मी मासे पकडत नाही, विकत घेते, त्यामुळे माझा अधिकार तव्यापुरता आहे. परंतु मूळ धाग्यातील यादीत 'खंपी' आणि 'पेडवे' एकेकच धरलेले दिसतात. आमच्याकडे येणारी मासेविक्रेती एकाच वाट्यातील खंपीचे तीन वेगळे प्रकार हाताने बाजूला करून दाखवते. एकाचे तोंड खाली वाकून पुढे येते, एकाचे वर वळते, आणि एक अगदी गोल व चपटा असतो. चवीतही फरक आहे, असे ती म्हणते. मला तो अजून कळलेला नाही. तेव्हा तेवीस हा आकडा नेमका कशाचा, माशांचा की नावांचा?

अभ्यासू_निवट्या

अन्नपूर्णाताईंनी या धाग्यातील सर्वात महत्त्वाचा प्रश्न विचारला आहे. मी सागरी जीवशास्त्राचा विद्यार्थी आहे आणि माझा निम्मा वेळ याच घोळात जातो.

खंपी हे एका जातीचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे. त्या कुळातील माशांची तोंडे नळीसारखी बाहेर येतात आणि ती कोणत्या दिशेने येतात, यावरून त्यांचे गट ओळखता येतात. आपल्या मासेविक्रेत्या बाईंनी नेमकी तीच खूण पकडली आहे. दोडयारे म्हटले की ओटोलिथेस रुबर हा मोठ्या सुळ्यांचा मासाही येतो आणि जोनियस वंशातील अनेक बारीक मासेही येतात. लेपे म्हणजे सायनोग्लॉसस वंशातील अनेक जाती. त्या ओळखताना अंगावरच्या रेषा आणि खवले भिंगाखाली तपासावे लागतात. इस्वणचेही तसेच आहे. अंगावर उभ्या नागमोडी पट्ट्या असतील तर तो स्कॉम्बेरोमोरस कॉमर्सन आणि ठिपक्यांच्या ओळी असतील तर स्कॉम्बेरोमोरस गटाटस. बाजारात मात्र दोघांनाही इस्वणच म्हटले जाते.

त्यामुळे तेरेखोलकाठ यांच्या तेवीस नावांमागे तीस जाती असू शकतात. आणि मामांच्या 'दोन-चार' नावांमागे किती होत्या, हे आता शोधून काढणे अशक्य आहे. स्थानिक नावे चुकीची आहेत, असा याचा अर्थ नाही. ती स्वयंपाकासाठी आणि व्यापारासाठी घडली आहेत, जातींच्या गणनेसाठी नाहीत.

सुशेगाद_माणूस

आयुष्यभर मी एकच मासा खातो, अशी माझी समजूत होती. आज कळले की, मी एक अख्खे कूळ संपवले आहे.

मांडवीपार

ऑक्टोबर हा शब्द वाचून थांबलो. तेवीस जातींचा तो रविवार ऑक्टोबरमधला होता का? असल्यास पाण्याकडेही पाहावे लागेल.

नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात आपल्या किनाऱ्यालगत खोलवरचे थंड, प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. त्याच वेळी पाऊस आणि नद्यांचे गोडे पाणी पृष्ठभागावर पातळ थराप्रमाणे पसरते आणि झाकणासारखे काम करते, त्यामुळे खालच्या पाण्यात हवा मिसळत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोव्यासमोरील उथळ समुद्राच्या तळाशी प्राणवायू जवळजवळ संपतो. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ कांदोळीसमोरील एका ठरावीक ठिकाणी १९९७ पासून हेच मोजत आले आहेत.

आता तळाशी राहणारे लेपे, दोडयारे, कोळंबी, कुर्ल्या यांनी काय करावे? जेथे श्वास घेता येतो तेथे, म्हणजे किनाऱ्याच्या अगदी जवळ किंवा वरच्या थरात, ते सरकतात, आणि तेथेच मामांचे जाळे उभे असते. एरवी पसरून राहणारे मासे अरुंद पट्ट्यात दाटले की, एका जाळ्यात जाती वाढलेल्या दिसतात. डिसेंबरपर्यंत पाणी ढवळले जाते आणि हे मासे पुन्हा पांगतात.

तेरेखोलकाठ

मांडवीपार, वही उघडून पाहिली. तो रविवार ऑक्टोबरमधलाच होता. जानेवारीतील चार रविवारांत नऊ, अकरा, आठ आणि बारा अशी नोंद आहे. मी सर्वात मोठा आकडा उचलून धागा काढला, हे प्रामाणिकपणे मान्य करतो.

वेंगुर्लेकर

मान्य करणारे धागाकर्ते दुर्मीळ आहेत. ही जातही वहीत नोंदवावी.

कासववाट_मोरजी

चर्चा विकल्या जाणाऱ्या आणि फेकल्या जाणाऱ्या माशांवर चालली आहे. परंतु जाळ्यात मासे नसलेलेही येतात आणि ते कोणत्याच यादीत नसतात. मोरजी आणि मांद्रे येथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तो हंगाम आणि जाळी टाकण्याचा हंगाम एकच असतो. तळाशी लावलेल्या जाळ्यात अडकलेले कासव श्वास घेण्यासाठी वर येऊ शकले नाही, तर ते बुडून मरते. किनाऱ्यालगत फिरणाऱ्या कुबड्या डॉल्फिनलाही हाच धोका आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने दोन्ही संरक्षित आहेत. त्यामुळे ते सापडल्याचे कोणी बोलत नाही, आणि न बोलल्यामुळे ते कोठे व कधी सापडतात, हे कळत नाही.

मी कोणावर आरोप करत नाही. आमच्या भागातील एका होडीवाल्याने कासव सोडवण्यासाठी स्वतःचे जाळे कोयतीने कापलेले मी पाहिले आहे. त्याचे नुकसान कोणीच भरून दिले नाही.

दर्यावर्दी_निवृत्त

कासववाट यांच्या यादीत समुद्रसापांची भर घालतो. पहाटेच्या अंधारात जाळे ओढताना हाताला साप लागणे, ही या किनाऱ्यावर नवलाची गोष्ट नाही. चोचीसारख्या तोंडाचा जो समुद्रसाप, हायड्रोफिस शिस्टोसस, येथे नेहमी सापडतो, तो विषारी असतो आणि सांगट व केंड खातो. म्हणजे आपण ज्यांना शिव्या देतो, त्यांच्यावरच तो जगतो. आमचे तांडेल त्याला काठीने उचलून सोडून देत, मारत नसत. त्यामागे भूतदया किती आणि सवय किती, हे त्यांनाच माहीत.

फोंड्याची_अन्नपूर्णा

केंडाचा विषय दोनदा आला म्हणून सावध करते. तो मासा काही ठिकाणी साफ करून खाल्ला जातो, असे ऐकिवात आहे. त्याच्या यकृतात आणि अंडाशयात असलेले विष शिजवूनही जात नाही. वैविध्याची आवड ताटापर्यंत आणू नये.

आकडेमोडे

मूळ प्रश्नाकडे परत येतो. तेरेखोलकाठ यांची वही टाकाऊ आहे, असा सूर लागला असेल तर तो मला मान्य नाही. उलट दर रविवारी त्याच ठिकाणी, त्याच जाळ्याने, त्याच माणसाने केलेली नोंद फार मोलाची असते; फक्त तिच्यात श्रम नोंदवले पाहिजेत. ३०० मीटर जाळे ४ तास पाण्यात असेल, तर १०० मीटरमागे एक तास हे एकक धरून १२ एकके झाली. ४ किलो भागिले १२, म्हणजे एककामागे सुमारे ३३० ग्रॅम. पुढच्या वर्षी जाळे लांबवले किंवा रात्रभर ठेवले, तरी तुलना करता येईल.

मात्र रात्रभर ठेवण्याचा स्वतंत्र परिणाम असतो. अडकलेले मासे मरतात, त्यांच्यावर कुर्ल्या आणि केंड येतात, तेही अडकतात, आणि यादी पुन्हा लांबते. म्हणून वेळ लिहावीच.

खाजनवाट

त्यात भरतीही जोडावी. उधाणाच्या दिवशी प्रवाह जाळ्याला आडवे पाडतो आणि ते भिंतीसारखे उभे न राहता चटईसारखे पसरते. भांगेला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, ते ताठ राहते. एकाच आठवड्याच्या अंतराने त्याच जाळ्यात वेगळेच मासे सापडण्याचे हे साधे कारण असू शकते. आणि दोन आसांच्या तुकड्यांतील मासे कृपया वेगळे मोजावेत. एवढे एक जरी पाळले, तरी निम्मा वाद मिटेल.

अभ्यासू_निवट्या

माझी भर एवढीच की, ओळख पटत नसेल तेव्हा नाव ठोकून देण्याऐवजी माशाचा कडेने फोटो घ्यावा, शेजारी मोजपट्टी ठेवावी आणि परांचे काटे उघडे दिसतील असे पाहावे. 'दोडयारा क्रमांक एक', 'दोडयारा क्रमांक दोन' असे लिहिले तरी चालेल. आणि लांबी मोजावी. बांगड्यांची संख्या तीच राहून लांबी वर्षागणिक घटत असेल, तर ती गोष्ट जातींच्या कोणत्याही निर्देशांकात दिसणार नाही. एकाच आसाच्या जाळ्यातून तर ती फारच उशिरा दिसेल, कारण ते जाळे नेहमी एकाच मापाचे मासे पकडते.

दर्यावर्दी_निवृत्त

पावसाळ्यातही नोंद सुटू देऊ नका. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, पण १० अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाच्या, गिलनेट वापरणाऱ्या होड्यांना आपल्याकडे सूट आहे. मोठ्या बोटी नसताना किनाऱ्यावर काय मिळते, हे पाहण्याची ती एकच संधी असते. अर्थात, तेरेखोलच्या मुखावरील लाटांनी परवानगी दिली तर! ती सरकारी परवानगीपेक्षा कठीण असते.

तेरेखोलकाठ

सर्वांचे आभार. माझा प्रश्न चुकीच्या टोकाने धरला होता, हे आता ध्यानात आले. समुद्र बदलला का, हे विचारण्यापूर्वी जाळे, महिना, पाणी आणि वहीतील नावे बदलली का, हे मला विचारायला हवे होते. समुद्र बदलला नाही, असे मात्र मी अजूनही म्हणणार नाही. दर्यावर्दींचा आक्षेप माझ्या वहीतून खोडूनही निघत नाही आणि सिद्धही होत नाही.

वहीत आस, लांबी, टाकण्याची व काढण्याची वेळ आणि तिथी यांचे रकाने आखले आहेत. मामांना हे सारे वाचून दाखवले. निर्देशांकाचा भाग ऐकून ते म्हणाले, "म्हणजे बांगडा भरपूर आला की तुझ्या वहीत आम्ही नापास?" त्यानंतर त्यांनी न सांगता खंपीचा ढीग पुढे ओढला आणि तोंडे बोटाने ओढून पाहत दोन वाटे केले. तिसरा प्रकार त्यांना मान्य नाही. रविवारी अष्टमी असल्याने भांग आहे. मी भिंग आणि मोजपट्टी घेऊन जाणार आहे. तिसरा प्रकार सापडला तर फोटो येथेच टाकीन.

फोंड्याची_अन्नपूर्णा

तोंड खाली वाकते का, तेवढे आधी पाहावे. आणि फोटो काढून झाल्यावर मासे उन्हात ठेवू नयेत.